पाण्याची फोडणी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. ज्यांना नक्की ठाऊक होतं ते कधीच गेले, आणि जाताना मला सांगून गेले नाहीत.

तेव्हा एका डोंगराच्या पायथ्याशी एक राज्य होतं. राज्य लहान होतं, पण राजा चांगला मोठा होता. पराक्रमाने नव्हे हं, पोटाने. मनाने मात्र तो भला होता. त्याला दोनच गोष्टी आवडत. एक म्हणजे प्रजा सुखात असलेली, आणि दुसरी म्हणजे वांग्याचं भरीत. दोन्हींपैकी आधी कुठली, हे त्याला कधी कोणी विचारलं नव्हतं.

राजधानीत विणकरांची एक आळी होती. तिथली लुगडी घाटापलीकडच्या देशात जात. दरवर्षी दिवाळी झाली की व्यापाऱ्यांच्या गाड्या घाट उतरून येत आणि लुगड्यांचे गठ्ठे घेऊन जात. आळीत दिवसभर मागांची खटखट चाले. परका माणूस तिथे आला की कानांवर हात ठेवी, आणि आळीतला माणूस परगावी गेला की त्या खटखटीवाचून त्याला झोप येत नसे.

एका वर्षी गाड्या आल्याच नाहीत. घाटापलीकडच्या देशात काय बिनसलं कोण जाणे. व्यापाऱ्यांनी निरोप पाठवला, 'यंदा नको, आमचाच माल पडून आहे.' पुढच्या वर्षी तर निरोपही आला नाही.

आता गंमत बघा. गंमत म्हणायची, पण ज्याच्यावर येते त्याला हसू येत नाही. लुगडं विकलं गेलं नाही, म्हणून विणकराने तेल घेतलं नाही. तेल खपलं नाही, म्हणून तेल्याने मडकं घेतलं नाही. मडकं खपलं नाही, म्हणून कुंभाराने बायकोला लुगडं घेतलं नाही. म्हणजे विणकराचं लुगडं पुन्हा तिथेच. न्हाव्याचे हाल तर विचारू नका. गिऱ्हाइकांनी दाढ्या वाढवल्या, आणि शेवटी न्हाव्याने स्वतःचीही वाढवली. 'गिऱ्हाईकच नाही, तर वस्तरा कशाला झिजवू?' असं तो म्हणे.

गावात पूर आला नव्हता, दुष्काळ पडला नव्हता, शत्रूने लुटलं नव्हतं. माणसं तीच होती आणि हातही तेच होते. ज्याच्यापाशी चार पैसे होते, तो उद्याच्या धास्तीने ते उशाखाली दडवून ठेवत होता, एवढंच. आणि ज्याच्यापाशी नव्हते, तो आजच उपाशी राहत होता.

राजाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तसा तो बेफिकीर नव्हता. रोज संध्याकाळी त्याचे हेर गावातून फिरून येत आणि सांगत, "महाराज, सगळं क्षेम आहे. घरोघरी चुली पेटल्या आहेत. घरोघरी फोडणीचा चर्र आवाज येतो आहे." फोडणी म्हटलं की राजाच्या तोंडाला पाणी सुटे, आणि चौकशी तिथेच संपे.

पण त्या आवाजाची एक गोष्ट होती.

विणकरांच्या आळीत फार जुनी रीत होती. संध्याकाळी ज्या घरातून फोडणीचा आवाज आला नाही, त्या घरी शेजारीण काही न बोलता वाटीभर कालवण नेऊन ठेवी. 'तुमच्याकडे का नाही शिजलं?' असं कोणी विचारत नसे. मोठी गोड रीत होती. पण आता प्रत्येकीला ठाऊक होतं, की शेजारणीच्या घरीही खडखडाट असणार. आपल्या घरातून आवाज गेला नाही, तर ती बिचारी स्वतःच्या पोराच्या तोंडचा घास काढून आणील. म्हणून मग एकेकीने युक्ती काढली. रिकामी कढई तापवायची आणि तिच्यात पाण्याचा हबका मारायचा. चर्रर्र! झाली फोडणी. शेजारीण निश्चिंत.

आणि शेजारीणही तेच करत होती. अख्खी आळी एकमेकींची अब्रू आणि एकमेकींचा घास वाचवत रोज संध्याकाळी पाणी तळत होती.

हे बाहेर आलं ते राजवैद्यांमुळे. राजाचं पोट फार वाढलं, म्हणून वैद्यांनी त्याला मुगाचं कढण आणि सायंकाळी पायी फिरणं लावून दिलं. पहिल्याच दिवशी राजा फिरत फिरत विणकरांच्या आळीत आला. पोटात कढण, आणि दोन्ही बाजूंनी चर्र, चर्र! राजाचा जीव कासावीस झाला. मग त्याने मनाशी म्हटलं, 'प्रजेच्या घरी जाऊन विचारपूस करणं हे राजाचं कर्तव्यच आहे.' आणि तो पहिल्या घरात शिरला.

"काय बाई, काय शिजवलंत आज?"

"भरली वांगी होती, महाराज." घरची बाई पदर सावरत म्हणाली. "पण आत्ताच संपली बघा."

दुसऱ्या घरात डाळमेथी होती, ती संपली होती. तिसऱ्या घरात मटकीची उसळ होती, तिचा शेवटचा घास आत्ताच कोणीतरी गिळला होता. राजा मनात चरफडला. 'ही काय माणसं आहेत! फोडणी पडून निवली नाही तोवर जेवूनही मोकळी!'

शेवटी तो सटवाजींच्या दारात आला. सटवाजी हे आळीतले सगळ्यात जुने विणकर. पाठीत वाकलेले, पण मानेत नाही. बायको केव्हाच देवाघरी गेली होती, आणि मुलगा लुगड्यांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन गिऱ्हाईक शोधत दूरदेशी भटकत होता. घरात म्हातारा, सून राही आणि राहीचं तान्हं बाळ, एवढीच माणसं.

"या महाराज, या." सटवाजींनी घोंगडी अंथरली. "आज शेवग्याच्या शेंगांची आमटी होती. पण आमचं जेवण—"

"झालं असेल." राजा म्हणाला. "पण सटवाजी, कढई तर अजून चुलीवर आहे." आणि कोणी नको म्हणायच्या आत त्याने झाकण उचललं.

कढईत पाणी होतं. नुसतं पाणी, तळाशी बुडबुडे धरलेलं.

राजाने पाण्याकडे पाहिलं. मग त्याने कोपऱ्यात बसलेल्या राहीकडे पाहिलं. बाळंतिणीचा चेहरा कसा भरलेला, तेजाळ असावा. हिची गालफडं बसली होती. मांडीवरचं पोर रडत होतं, पण रडायलाही त्याच्यात ताकद नव्हती. आईला दूधच येत नव्हतं, तर पोर रडणार तरी कशाच्या जोरावर?

राजाला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या पोटाची लाज वाटली. तो उठला आणि घरी जाऊन ढसाढसा रडला. कढणही प्यायला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कोठारातल्या ज्वारीच्या गाड्या विणकरांच्या आळीत आल्या. पहिल्या घरचा माणूस दारात आला आणि हात जोडून म्हणाला, "महाराजांचे उपकार आहेत. पण आमच्याकडे भरपूर आहे. पलीकडच्या घराला बघा, त्यांची जरा ओढाताण आहे." पलीकडचा म्हणाला, "छे हो! आम्हाला कशाला? त्याच्या पलीकडे द्या." असं करत गाड्या आळीच्या शेवटच्या घरापर्यंत गेल्या. शेवटच्या घरच्याने गाडीवानाला सांगितलं, "अगदी पहिल्या घराला द्या हो. त्यांचे हाल बघवत नाहीत."

गाड्या दुपारपर्यंत आळीला प्रदक्षिणा घालत होत्या. बैल दमले, गाडीवान चिडले, आणि ज्वारी होती तशी कोठारात परत आली. वाटेत बैलांनी खाल्ली तेवढीच काय ती सत्कारणी लागली.

राजाने दरबार भरवला. "हे लोक फुकटचं घेत नाहीत." तो म्हणाला. "उपाशी मरतील पण घेणार नाहीत. करायचं काय?"

तेव्हा प्रधानजी उठले. प्रधानजी फार हुशार होते. इतके, की त्यांची हुशारी कधीकधी त्यांना मागे टाकून एकटीच पुढे निघून जाई.

"महाराज, फुकटचं घेत नाहीत ना? मग त्यांना काम देऊ आणि कामाची मजुरी देऊ. दुसऱ्याचं नाही, स्वतःच्या घामाचं आहे म्हटल्यावर नाही कसं म्हणतील?"

"वा!" राजा म्हणाला. "पण काम कुठलं?"

"तीच तर खुबी आहे. काही बांधायला घेतलं तर ते एक दिवस पुरं होणार. पुरं झालं की लोक पुन्हा रिकामे. म्हणून काम असं पाहिजे, की जे कधी संपणारच नाही." प्रधानजींनी मिशीवर हात फिरवला. "पूर्वेच्या वेशीशी दगडांचा डोंगराएवढा ढीग पडला आहे. तो पश्चिमेच्या वेशीशी नेऊन टाकायचा. सगळा नेऊन झाला, की परत पूर्वेला आणायचा. चंद्रसूर्य असेपर्यंत रोजगार!"

दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. राजाला काहीतरी खटकलं, पण काय खटकलं ते कळेना. त्यात प्रत्येक दिवस म्हणजे एक उपाशी दिवस. त्याने होकार दिला.

गावात दवंडी पिटली आणि अख्खी आळी पूर्वेच्या वेशीवर हजर झाली. "घरात बसून अंग आंबलं होतं, म्हणून आलो." असं प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता, आणि दुसरा "हो ना, मीही" म्हणत होता. तेली आला, कुंभार आला, दाढीवाला न्हावीही आला. संध्याकाळी प्रत्येकाच्या हातावर मजुरी पडली. त्या दिवशी आळीत खऱ्या तेलाचा, खऱ्या मोहरीचा ठसका उठला आणि शिंकांनी आळी दुमदुमली. राहीने भाकरी केली. तव्यावरची पहिली भाकरी म्हाताऱ्याने तिच्याच ताटात टाकली, आणि ती नको म्हणाली तेव्हा तिच्यावर डोळे वटारले.

दिवस बरे जाऊ लागले. राहीच्या गालांवर थोडं मांस आलं, आणि पोर आता चांगलं आळी डोक्यावर घेऊन रडू लागलं. आजोबांना त्याचं कोण कौतुक! "काय आवाज आहे!" असं ते दगड वाहता वाहता लोकांना सांगत.

एकच गोष्ट झाली. प्रधानजींनी सांगितलं होतं, दगड नुसते टाकायचे. पण तो पडला विणकराचा हात. तो कुठलीही वस्तू नुसती टाकत नाही. सटवाजींनी पहिला काळा दगड ठेवला, त्याला लावून दुसरा काळा, मग एक पांढरा. दुसऱ्या विणकराने ती रांग पाहिली आणि पुढे चालवली. बघता बघता पश्चिमेच्या वेशीबाहेर, ओढ्याच्या काठाला, दगडांचा एक लांबरुंद पट्टा उभा राहिला. काळ्यावर पांढऱ्या रुईफुलांची नक्षी, वर तांबड्या दगडांचा काठ. येणारेजाणारे थांबून बघू लागले. बायका तर म्हणत, "अगदी असंच लुगडं पाहिजे हो!"

प्रधानजी हसले. "करा, करा, वेळ गेला तर बरंच आहे."

आणि एक दिवस शेवटचा दगड पश्चिमेला येऊन पोचला. प्रधानजी पालखीतून उतरले. "शाब्बास!" ते म्हणाले. "आता उद्यापासून हे सगळे परत पूर्वेला न्यायचे."

मग सटवाजी पुढे आले.

"परत म्हणजे?"

"परत म्हणजे परत. जिथून आणले तिथे."

"प्रधानजी, आमच्यात विणलेलं उसवत नाहीत. चूक झाली तरी नाही. चुकीचं लुगडं कमी दामात विकू, घरात वापरू, पण उसवत नाही. उसवलं तर त्या हातांना पुन्हा विणता येत नाही, असं आमचे वाडवडील सांगत."

"अहो, हे काय लुगडं आहे? हे दगड आहेत! आणि मजुरी तर तेवढीच मिळणार. तुमचं काय जातं?"

सटवाजींनी दगडांच्या पट्ट्याकडे पाहिलं. "म्हणजे हे दगड इथे असले काय आणि तिथे असले काय, कोणाचं काही अडत नव्हतं?"

"कशाला अडेल?" प्रधानजी हसून म्हणाले. "तुम्हाला मजुरी मिळावी म्हणून तर हे सारं काढलं."

"असं होय." म्हातारा म्हणाला. "मग त्या ज्वारीच्या गाड्या काय वाईट होत्या? भीक तर तीच होती. निदान पाठ तरी दुखली नसती."

असं म्हणून त्यांनी खांद्यावरचं फडकं झटकलं आणि ते घराकडे चालू लागले. त्यांच्या मागे सगळी आळी गेली. पार न्हाव्यापर्यंत. प्रधानजी तिथेच उभे राहिले. त्यांना खरंच कळत नव्हतं, की आपलं चुकलं कुठे.

पुढे काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. साठवलेले दाणे संपले, आणि आळीत पुन्हा पाणी तळलं जाऊ लागलं. राहीचं दूध पुन्हा आटलं. तिने एक दिवस पाहिलं, दुसरा दिवस पाहिला. तिसऱ्या संध्याकाळी तिने कढई चुलीवर ठेवलीच नाही. बाळाला कडेवर घेऊन ती सासऱ्यांच्या पुढ्यात उभी राहिली.

"मामंजी, एक विचारू?"

"विचार की पोरी."

"तुमचा मान मोठा, का या लेकराचं पोट मोठं?"

सटवाजींनी मान खाली घातली. आयुष्यात त्यांना इतकं कठीण कोणी विचारलं नव्हतं, आणि याचं उत्तर इतकं सोपं असेल असंही त्यांना वाटलं नव्हतं.

सकाळी फटफटताच ते एकटेच पश्चिमेच्या वेशीवर गेले. पट्ट्यासमोर वाकले. पहिला काळा दगड त्यांनी दोन्ही हातांनी धरला, पण तो उचलवेना. दगड काही फार जड नव्हता. हातच ऐकेनात.

राजा वैद्यांच्या आज्ञेप्रमाणे सकाळीही फिरू लागला होता. तो तिथून चालला होता. दगडाशी झटणारा म्हातारा पाहून तो थांबला.

"सटवाजी, रडताय काय?"

"नाही महाराज. घाम आहे."

थंडीचे दिवस होते. राजाच्या अंगावर शाल होती. त्याने शाल सावरली आणि तो दगडावर म्हाताऱ्याशेजारी बसला. दगडाने कुरकुर केली, पण सहन केलं.

"तुम्ही उसवायला आलात." राजा म्हणाला.

"आलो, महाराज. नातू उपाशी आहे. वाडवडिलांना सांगेन, माझ्या हातून झालं, क्षमा करा म्हणून."

इतके दिवस काय खटकत होतं, ते राजाला आता कळलं. त्याने म्हाताऱ्याचा हात दगडावरून बाजूला केला. "राहू द्या. मला सांगा, कसलं काम दिलं असतं तर तुम्ही मान वर करून मजुरी घेतली असती?"

"जे झालं नाही तर गावाचं अडेल, असं."

"गावाचं काय अडतंय?"

"ते मला काय ठाऊक, महाराज? मी जन्मभर मागापाशी बसलो. माझी सून आहे, तिला विचारा. काल माझ्याशी भांडली. तिला सगळं ठाऊक असतं."

दोघं घरी आले. राजाला दारात बघून राही गडबडली. पण प्रश्न ऐकल्यावर तिने क्षणभरही विचार केला नाही.

"ओढ्यावर पूल नाही, महाराज."

"ओढ्यावर? एवढ्याशा ओढ्यावर?"

"आता एवढासा आहे. पावसाळ्यात बघा. हे बाळ झालं तेव्हा ओढा दुथडी भरला होता आणि सुईण पलीकडच्या काठाला. ती तिकडून ओरडून सांगायची, इकडच्या काठावरची बाई ऐकून वेशीतल्या बाईला ओरडून सांगायची, ती आळीत, आणि आळीतली मला. माझं बाळंतपण अख्ख्या गावाने ऐकलं. वेशीवरचा पहारेकरीही मध्ये मध्ये 'धीर धर ग पोरी' म्हणत होता!" राही बोलता बोलता लाजली, पण थांबली नाही. "देव धावला म्हणून आम्ही दोघं वाचलो. माझ्या आधी अडलेली कुंभाराची सून नाही वाचली. आणि पलीकडच्या गावांतली बाजरी, कापूस, भाजी, निम्मं वर्ष तिकडेच कुजते. आम्ही इकडे उपाशी आणि ती माणसं तिकडे लुगड्यावाचून."

राजा उठला. "सटवाजी, दगड परत न्यायची गरज नाही." तो म्हणाला. "तुम्ही ते अगदी ओढ्याच्या काठालाच आणून ठेवले आहेत."

प्रधानजींनी खूप समजावून पाहिलं. "महाराज, पूल एक दिवस पुरा होईल! मग हे सगळे पुन्हा रिकामे! मग काय करायचं?"

"मग बघू." राजा म्हणाला. बऱ्याच वर्षांनी तो काहीतरी पक्कं बोलला होता, त्यामुळे दरबार दचकला.

पाथरवट आले. त्यांनी कमानी कशा रचायच्या ते दाखवलं. तो सुंदर पट्टा हलवावा लागणार म्हणून विणकर जरा खिन्न झाले, तेव्हा सटवाजी म्हणाले, "सूत लडीतून मागावर घेतो, ते काय उसवणं असतं? ते तर विणायला बसणं." आणि त्यांनी पहिला काळा दगड उचलला. यावेळी हातांनी ऐकलं.

ओढ्यावर धांदल उडाली. कोणी चुना मळी, कोणी दगड वाही, कोणी नुसताच "जपून, जपून" म्हणे. सटवाजींचा मुलगा परतला तो डोक्यावर तोच गठ्ठा घेऊन, न विकलेला. त्याने गठ्ठा घरात टाकला आणि बापाच्या शेजारी दगड उचलायला लागला.

मजुरी रोज हातात पडू लागली. राहीने तेल्याकडून तेल आणलं आणि वाण्याकडून डिंक आणि खारका. तेल्याच्या हाती पैसा आला, तसा तो पहिला न्हाव्याकडे धावला, कारण दाढीत तेल सांडून त्याला मुंग्या चावत होत्या. न्हाव्याने आधी स्वतःची दाढी केली, तेव्हा त्याच्या बायकोने त्याला ओळखलं आणि इतक्या दिवसांच्या दाढीचा राग काढून त्याच्याकडे लुगडं मागितलं. तो आला सटवाजींकडे. कित्येक महिन्यांनी त्या गठ्ठ्याची गाठ सुटली. सटवाजींच्या मुलाने लुगडं न्हाव्याच्या हातात दिलं. "चांगलं वापरा." एवढंच तो म्हणाला आणि घरात जाऊन आनंदाने रडला.

पाऊस लागायच्या आधी पूल पुरा झाला. कठड्यावर काळ्यात पांढरी रुईफुलं होती आणि वर तांबडा काठ. पहिल्या दिवशी पलीकडच्या गावांतल्या गाड्या आल्या, बाजरीच्या आणि कापसाच्या. जाताना त्यांत लुगडी होती, मडकी होती, तेलाचे बुधले होते. घाटापलीकडच्या व्यापाऱ्यांची वाट बघायचं आळी विसरूनच गेली. सुईण पुलावरून चालत आली आणि मधोमध थांबून म्हणाली, "आता माझा घसा तेवढा बरा होईल."

इकडे प्रधानजी मात्र चिंतेने वाळले होते. पूल संपला, म्हणजे संकट आलं! त्यांनी हुशारीने आधीच तयारी करून ठेवली होती. उरलेले दगड पश्चिमेकडून पूर्वेला न्यायचे. गावात दवंडी पिटली गेली. सकाळी प्रधानजी मजुरीची थैली घेऊन वेशीवर उभे राहिले.

कोणी आलं नाही.

दुपार झाली. एक गाढव आलं, त्याने दगडाला पाठ घासली आणि ते निघून गेलं.

प्रधानजी स्वतः विणकरांच्या आळीत गेले. मागांची खटखट अशी चालली होती, की त्यांनी हाका मारूनही कोणाला ऐकू जाईना. सटवाजींच्या दारात जाऊन ते ओरडले, "अहो, काम काढलंय! मजुरी आहे! येत का नाही?"

सटवाजींनी मागावरचा धोटा थांबवला नाही. "प्रधानजी, रागावू नका. वेळ नाही हो."

तेलीही तसंच म्हणाला. कुंभाराचे हात चिखलात होते. न्हाव्याने तर प्रधानजींनाच रांगेत बसायला सांगितलं.

प्रधानजी धावत राजवाड्यात आले. राजा नुकताच जेवायला बसला होता. "महाराज, अनर्थ झाला!" ते धापा टाकत म्हणाले. "सरकारी कामावर एकही माणूस येत नाही!"

राजाने हातातला घास खाली ठेवला आणि तो इतका हसला की त्याचं ताट हललं.

"प्रधानजी, एवढ्यासाठीच तर ते काम काढलं होतं."

हळूहळू प्रधानजींच्या चेहऱ्यावर काहीतरी उमजल्यासारखं दिसू लागलं. मग थोड्या पडलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, "महाराज, मग आता मी काय करू?"

"तुम्ही पुलावरून पलीकडे जा." राजा म्हणाला. "पायी जा, पालखी नको. लेकुरवाळ्या बायांना विचारत जा, की बाई, तुमचं काय अडतंय? आणि ऐकलेलं लक्षात ठेवा. पुन्हा कधी वाईट दिवस आले, तर काम शोधायला वेळ जायला नको."

प्रधानजी गेले. परत यायला त्यांना बरेच दिवस लागले, कारण बायांना सांगायला पुष्कळ होतं.

म्हणून बाळांनो, आणि बाळांच्या थोरांनो, एवढं ध्यानात असू द्या: रिकाम्या हातांना काम द्यावं ते असं, की ज्याने पोट त्यांचं भरेल आणि सोय साऱ्यांची होईल, नाहीतर ती भीकच, फक्त घाम गाळून घेतलेली.